अनोळखी माणसाच्या हातात त्याचाच फोटो: इन्स्टॅक्स मिनी लिंक 2 नागपूरच्या रस्त्यावर

कॉटन मार्केटमध्ये कॅमेरा काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पेपरात येणार आहे का ताई?" नाही म्हटलं की लगेच दुसरा, "मग काढून काय करता?" पूर्वी मी सांगायची, आवड आहे, संग्रह करते. समोरचा मान हलवायचा, पण त्याचं समाधान झालेलं नाही हे दिसायचं. आता मी म्हणते, "थांबा दोन मिनिटं, तुम्हालाच देते," आणि बॅगेतून फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स मिनी लिंक 2 काढते.

या प्रिंटरबद्दल लिहिलेलं बहुतेक मी वाचलं आहे. वाढदिवसाच्या पार्ट्या, डायरी सजवणं, खोलीत दिव्यांच्या माळेला फोटो टांगणं, असंच त्यात असतं. माझा उपयोग वेगळा आहे. पोटापाण्यासाठी मी लग्नाचे फोटो काढते आणि लग्न नसेल त्या सकाळी बर्डी, महाल, इतवारी, गोकुळपेठ अशी पायी फिरून रस्त्यावरच्या माणसांचे. त्यामुळे मला एवढंच पाहायचं होतं: जो माणूस पुन्हा भेटेल की नाही सांगता येत नाही, त्याच्या हातात हे यंत्र किती वेळात काय ठेवतं, आणि ते त्याच्याजवळ टिकतं का.

आधी यंत्राबद्दल. 2022 साली आलेला हा प्रिंटर फिल्मशिवाय साधारण 210 ग्रॅम भरतो. उंची साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी नऊच्या थोडी वर, जाडी साडेतीनच्या थोडी वर. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात बसतो. यात शाई नाही, रिबीनही नाही. दहा फोटोंची फिल्मची कॅसेट आत बसवायची, मोबाइलवरून ब्लूटूथने फोटो पाठवायचा. आत तो फोटो उजेडाने फिल्मवर उतरतो आणि फिल्म बाहेर पडताना रोलर तिच्या पांढऱ्या चौकटीतलं रसायन दाबून सगळीकडे पसरवतात. एका अर्थी हा आतल्या आत फोटोचा फोटो काढणारा लहानसा कॅमेराच झाला. हीच मिनी फिल्म इन्स्टॅक्सच्या मिनी कॅमेऱ्यांतही चालते, 1998 पासून. मग सरळ इन्स्टॅक्सचा कॅमेराच का घेत नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. घेतला असता, पण त्यात पहिलीच फ्रेम शेवटची. समोरच्याने डोळे मिटले, मागून ऑटो गेला, तरी फिल्म खर्च झाली आणि माझ्या हातात काही उरलं नाही. प्रिंटरमुळे मी माझ्या नेहमीच्या कॅमेऱ्याने चार फ्रेम काढते, त्यांना दाखवते, त्यांच्या पसंतीची छापते. निवड त्यांची असते, आणि माझ्या मते या खरेदीची निम्मी किंमत इथेच वसूल होते. मला आवडलेली फ्रेम आणि त्यांना आवडलेली फ्रेम क्वचितच एक निघते. मला ओझं उचलताना ताणलेला चेहरा हवा असतो, त्यांना केस नीट करून कॅमेऱ्याकडे सरळ पाहणारा. छापायचा त्यांचाच.

लग्नात पाहुण्यांना जागेवर फोटो द्यायचा असेल तर मी कॅननचा सेल्फी सीपी1500 नेते. त्याचा 10 बाय 15 सेंटिमीटरचा प्रिंट रंगाने आणि टिकाऊपणाने कितीतरी सरस आहे. पण तो टेबलावर ठेवायचा प्रिंटर आहे. कागद चार वेळा पुढेमागे होतो, त्यासाठी दोन्ही बाजूंना जागा लागते, आणि विजेची सोय किंवा वेगळी घ्यावी लागणारी बॅटरी लागते. भाजीच्या पाट्या, हातगाड्या आणि गाईगुरांच्या मधोमध उभं राहून ते जमत नाही. शाईविना उष्णतेवर चालणारे झिंक कागदाचे खिशातले प्रिंटरही मिळतात, त्यांचा कागद स्वस्त पडतो. ते मी मैत्रिणीकडचे वापरून पाहिले. तिथे कागद बाहेर येतो तोच पूर्ण फोटो घेऊन. सोयीचंच आहे, पण इन्स्टॅक्समध्ये फोटो उमटायला जो वेळ लागतो, तो वेळच मला हवा असतो.

तो वेळ कसा जातो ते सांगते. कॅमेऱ्यातून फोटो मोबाइलवर घ्यायला अर्धं मिनिट, थोडं उजळ करून पाठवायला तेवढंच, मग प्रिंटरमधून फिल्म बाहेर यायला साधारण 15 सेकंद. बाहेर येते ती कोरी. चित्र उमटायला दीड मिनिटाच्या आसपास लागतं, रंग पुरते बसायला आणखी थोडा वेळ.

नेताजी मार्केटच्या फुलबाजारात एक मावशी शेवंतीचे हार ओवत बसल्या होत्या. फोटोला हो म्हणाल्या होत्या, पण मान वर करायला वेळ नव्हता. दसऱ्याच्या आधीचे दिवस, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. मी फिल्म त्यांच्यापुढे धरली. त्यांनी सुई हारात खोचली, दोन्ही हात पदराला पुसले, मग फक्त कडेला बोटं लावून ती घेतली आणि म्हणाल्या, "हे तं कोरंच आलं वो बाई." शेजारचा झेंडूवाला वाकला. त्याच्या मागून एक पोरगा. हलवू नका, नुसतं धरून ठेवा, असं मी सांगितलं, कारण ही फिल्म झटकायची नसते. मग पांढऱ्यातून आधी गडद भाग आला, केसांचा आणि काठाचा. मग शेवंतीचा पिवळा, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. एवढ्या वेळात त्यांनी सांगितलं की फोटो म्हणजे त्यांचा आधार कार्डावरचा एक आणि भाच्याच्या लग्नातल्या घोळक्यातला एक. लग्नातल्यात त्या अर्ध्याच आल्या आहेत. "त्यात माया हातच दिसते," म्हणाल्या. मी काहीही विचारलं नव्हतं. फोटो यायची वाट पाहत सगळे एकाच चार बोटांच्या चौकोनाकडे पाहत होते, आणि बोलणं आपसूक निघालं. मोबाइलच्या पडद्यावर फोटो दाखवला असता तर "छान आहे" म्हणून त्या पुढच्या हाराला लागल्या असत्या.

मग त्यांनी तो ब्लाउजमधून काढलेल्या पाकिटात ठेवला. इथे या फिल्मचा आकार फार उपयोगी पडतो. पूर्ण फिल्म 86 बाय 54 मिलिमीटर, म्हणजे एटीएम कार्डाच्या मापाची. आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरात, पाकिटाच्या कप्प्यात, मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमागे नीट बसते. 4 बाय 6 इंचाचा प्रिंट रस्त्यावर दिला की तो माणूस दिवसभर तो ठेवायचा कुठे या पेचात पडतो. पिशवीत घातला तर दुमडतो, भाजीच्या पाण्याने भिजतो. हा लहान आहे म्हणूनच सोबत राहतो. मोबाइलच्या कव्हरमागे आपलाच फोटो घालून फिरणारे ऑटोवाले मी बर्डीवर पाहिले आहेत, आणि त्यातले सगळे काही मी दिलेले नव्हते.

लहानपणाची अडचणही आहेच. पांढरी चौकट सोडली तर चित्र फक्त 62 बाय 46 मिलिमीटरचं. इतवारीत एका सायकलरिक्षावाल्या काकांनी फोटो काढू दिला तो एका अटीवर. "मॅडम, गाडी पूरी आनी चाहिए." रिक्षाला नुकताच रंग दिला होता, मागच्या पत्र्यावर दोन मोर आणि नातीचं नाव. मोर आले, नाव आलं, तिन्ही चाकं आली, आणि काकांचा चेहरा हरभऱ्याएवढा झाला. त्यांना ते पूर्ण मंजूर होतं. चेहरा काय, रोज आरशात दिसतो, असं त्यांचं म्हणणं. पण मला वाटलं म्हणून मी दुसरा एक जवळून काढून दिला. असे प्रसंग वारंवार येतात, कारण आपल्याकडे माणसाला फोटोत एकटा चेहरा नको असतो, दुकान हवं असतं, गाडी हवी असते, मागचा देव हवा असतो. त्या कामाला मिनी अपुरा पडतो. फुजीफिल्मचाच इन्स्टॅक्स लिंक वाइड आहे, त्याचं चित्र 99 बाय 62 मिलिमीटरचं येतं. तो जड आहे आणि फिल्मही महाग, पण ज्यांना मुख्यतः कुटुंबं आणि दुकानं काढायची आहेत त्यांनी तोच पाहावा.

चेहऱ्याच्या रंगाबद्दल मात्र सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण ते कुठे लिहिलेलं दिसत नाही. कुठल्याही इन्स्टंट फिल्मची उजेड आणि अंधार एकाच वेळी सांभाळायची ताकद कमी असते. नागपूरच्या दहा वाजताच्या उन्हात पांढरा शर्ट घातलेला सावळा माणूस उभा केला की मोबाइलवर नीट दिसणारा फोटो फिल्मवर शर्ट फटफटीत आणि चेहरा काळपट असा उतरतो. ज्याला तो द्यायचा त्याच्या मनाला ते लागतं. "मी एवढा काळा हाओ का?" हा प्रश्न हसत विचारलेला असला तरी हसण्यावारी न्यायचा नसतो. म्हणून मी माणसाला दुकानाच्या पालाखाली, झाडाच्या सावलीत, भिंतीच्या कडेला घेते, जिथे उजेड एकसारखा पडतो. मग प्रिंटरला पाठवण्याआधी मोबाइलवर फक्त सावल्या उचलते, म्हणजे गडद भाग उजळते, साधारण अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), आणि शर्टाचा पांढरा थोडा खाली आणते. प्रिंटरच्या ॲपमध्ये नॅचरल आणि रिच असे दोन प्रकार आहेत. रिच पहिल्या नजरेला भडक, छान वाटतो, पण सावळ्या त्वचेत तो लाल-तपकिरी गडदपणा आणतो. माणसांसाठी नेहमी नॅचरल. संत्र्यांच्या ढिगासाठी, मोसंबीच्या गाडीसाठी रिच खुशाल वापरा. चेहरा गोरा करणारे फिल्टर मी वापरत नाही. कोणी मागितला तरी नाही म्हणते, आणि सावलीत पुन्हा एक काढून दाखवते. बहुतेकांना तो आवडतो.

बर्डीच्या मेन रोडवर फेरीवाल्यांशी बोलायचं तर वेगळीच सुरुवात करावी लागते. तिथे कॅमेरा दिसला की काही जण आधी मालावर कापड ओढतात. अतिक्रमणवाल्यांची गाडी येण्याआधी कोणीतरी येऊन फोटो काढून जातं, हा त्यांचा अनुभव. मोठी लेन्स लावलेली बाई त्यांना माझ्यासारखी दिसत नाही, सरकारी दिसते. तिथे मी कॅमेरा बॅगेत ठेवते आणि आधी प्रिंटर बाहेर काढते. रुमाल विकणाऱ्या एका पोराने विचारलं, "हे काय मशीन आहे, पावतीचं?" म्हटलं, फोटोचं. मग मोबाइलवर माझ्याच आईचा फोटो होता तो छापून दाखवला. एक फिल्म गेली, पण त्यानंतर त्याने स्वतःच शेजारच्याला हाक मारली, "ये बे, ताई फोटू देऊन राहिल्या." ज्याला आपल्या जागेचं, आपल्या रोजीचं भय आहे, त्याच्याकडून काही घेण्याआधी आपण काय करणार आहोत ते उघड दिसलं पाहिजे. पडदा दाखवून ते होत नाही, कारण पडद्यावरचा फोटो माझ्याजवळच राहतो.

मात्र प्रिंट म्हणजे परवानगीची किंमत, असं मी कधीच धरत नाही. नको म्हटलं की नको. "फुकट देते, घ्या ना" असा आग्रह मी एका नव्या फोटोग्राफरला गोकुळपेठ बाजारात करताना पाहिलं, समोरची बाई भाजीची जुडी हातात धरून मागे मागे सरकत होती. तो आग्रह मला सहन झाला नाही आणि मी मध्ये पडले. लहान मुलांच्या बाबतीत आई किंवा बाप समोर असल्याशिवाय मी कॅमेरा वर करत नाही, पोरं कितीही मागे लागली तरी. आणि छापलेला फोटो त्यांचा. तोच फोटो मी कुठे टाकणार असेन तर ते वेगळं विचारते. पुष्कळ जण हातातला फोटो पाहत "टाका ना" म्हणतात. काही जणी म्हणतात, हा माझ्याजवळ राहू द्या, तिकडे नको. तो मग माझ्या फोल्डरमध्येच राहतो.

बाईमाणूस म्हणून मला या प्रिंटरचा जो सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो कुठल्याच परीक्षणात दिसला नाही. प्रिंटर नसेल तर फोटो द्यायचा एकच मार्ग, व्हॉट्सॲप. म्हणजे नंबर द्या किंवा घ्या. अनोळखी पुरुषाला माझा नंबर द्यायचा नसतो. अनोळखी बाईचा नंबर मागितला तर तो बरेचदा तिचा नसतो, मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो, आणि मग संध्याकाळी त्याचा फोन येतो, कोण तुम्ही, आमच्या घरच्यांचा फोटो का काढला. तिने हौसेने काढून घेतलेल्या फोटोचा घरी हिशोब द्यावा लागतो. प्रिंटमध्ये नंबर नाही, नाव नाही, मागे काही लोंबकळत राहत नाही. तिला दाखवायचा तर ती दाखवते, नाही तर पाकिटात राहतो. महालात बुधवार बाजारात बांगड्या विकणाऱ्या एका ताईने फोटो घेऊन सरळ गल्ल्याच्या तळाशी, नोटांच्या खाली ठेवला आणि वर चिल्लर ओतली. कोणाला दाखवायचा होता की नव्हता, ते मला विचारायचं कारण नव्हतं.

आता उन्हाळा. या फिल्मसाठी आणि प्रिंटरसाठी कंपनीने दिलेली तापमानाची मर्यादा 5 ते 40 अंश आहे. नागपुरात मे महिन्यात 45 काही नवलाचं नाही. 2013 च्या मेमध्ये पारा 47.9 पर्यंत गेला होता. त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून पावसापर्यंत मी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच प्रिंटर नेते. फिल्मची पाकिटं जेवणाच्या डब्याच्या चांदीच्या अस्तराच्या पिशवीत ठेवते, बर्फ न घालता, कारण ओल फिल्मला चालत नाही. घरी फ्रिजमध्ये ठेवली असेल तर पाकीट न फोडता तासभर बाहेर ठेवून मगच उघडायची. गाडीच्या डिक्कीत तर एक मिनिटही ठेवू नका. उन्हात उभ्या ॲक्टिव्हाच्या डिक्कीत काय तापतं ते नागपूरकराला सांगायला नको. उलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे फोटो उमटायला वेळ लागतो आणि रंग फिके येतात. तेव्हा बाहेर आलेली फिल्म स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवायची. टेकडी गणपतीजवळ चहावाल्याने थंडीत ती फिल्म किटलीशेजारी ठेवायची तयारी दाखवली होती, तेवढी ऊब मात्र नको.

मारबतीच्या (दुष्ट शक्तींच्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत मी प्रिंटर घरीच ठेवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते, पाऊस कधी येईल सांगता येत नाही, आणि दोन मिनिटं एका जागी थांबून काही उमटण्याची वाट पाहणं अशक्य. तिथे कॅमेरा पुरे.

दीक्षाभूमीबद्दल मात्र मी ठरवून वागते. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात. गावोगावची कुटुंबं येतात, नवे पांढरे कपडे घालून. त्यांना मागे स्तूप दिसेल असा सगळ्यांचा एकत्र फोटो हवा असतो आणि तो कागदावरच हवा असतो. जागेवर फोटो काढून, पिशवीतल्या प्रिंटरवर छापून देणारे फोटोग्राफर तिथे फिरत असतात. वर्षातले ते दोन-तीन दिवस त्यांच्या कमाईचे. तिथे मी फुकट प्रिंट वाटत उभी राहिले तर एका कुटुंबाला आनंद होईल आणि शेजारी उभ्या माणसाचं गिऱ्हाईक जाईल. म्हणून तिथे मी प्रिंटर काढत नाही. फुटाळा तलावावरही संध्याकाळी असा एखादा भाऊ गळ्यात नमुन्याचे फोटो अडकवून फिरताना दिसला की माझं यंत्र बॅगेत जातं. हौशी लोकांनी हे नक्की लक्षात ठेवावं. आपला छंद दुसऱ्याच्या पोटावर यायला नको. उलट त्या फोटोग्राफरकडून मी स्वतःचा एक फोटो काढून घेतला, पैसे देऊन. स्तूप कुठून पूर्ण येतो आणि गर्दी कुठून कापली जाते हे त्याच्याइतकं मला माहीत नव्हतं.

खर्चाचं बोलू. प्रिंटर दहा हजारांच्या आसपास पडतो. एका फोटोची फिल्म पन्नास ते पासष्ट रुपयांना, ऑफर कशी आहे त्यावर. स्वस्त नाही. पन्नास रुपयांत टरी पोह्याची प्लेट आणि वर चहा होतो, आणि समोरच्या माणसाची कमाई पाहिली तर ही रक्कम लहान नाही. फोटो घेतल्यावर पैसे विचारणारे खूप भेटतात. "किती झाले?" हा प्रश्न येतोच, आणि नाही म्हटलं की संत्री येतात, कोथिंबीर येते, गजरा येतो. सुरुवातीला मी नको नको म्हणायची, आता घेते. देणाऱ्याचा मान राहतो. पण रोज फिरणाऱ्याने खर्चाचा अंदाज आधीच बांधावा. मी फिरायला निघताना एकच कॅसेट घेते. दहा फोटो संपले की त्या दिवशी नवा चेहरा काढत नाही, कारण एकाला दिला आणि त्याच्या शेजारच्याला "संपले" म्हटलं तर फार वाईट दिसतं. घोळका जमला तर आधीच सांगते, एवढे उरले आहेत, कोणाकोणाचा एकत्र काढू ते तुम्हीच ठरवा. भांडणं होत नाहीत. बहुतेक वेळा सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला पुढे ढकलतात.

एका फ्रेममध्ये चौघं असतील तर चार प्रिंट लागतात, हे धरूनच चला. ॲपमध्ये तोच फोटो पुन्हा छापता येतो, त्यामुळे वेळ फार जात नाही, फिल्म जाते. एका चार्जवर साधारण 100 फोटो निघतात असं कंपनी सांगते. माझ्या वापराला ते भरपूर आहे. चार्जिंगला मायक्रो यूएसबीची केबल लागते, म्हणजे मोबाइलच्या सी टाइप केबलसोबत आणखी एक बाळगा. हवेत प्रिंटर फिरवून प्रकाशाची चित्रं काढायची इन्स्टॅक्स एअर नावाची गंमत यात आहे. पोरांना ती फार आवडते, मी क्वचित वापरते. फोटोवर चौकटी, बदाम, फुगे लावायची सोय आहे तीही मी टाळते, पण एका पाणीपुरीवाल्याने हट्टाने बदामाची चौकट लावून घेतली, बायकोला द्यायचा होता. दिली.

फोटो देताना दोन गोष्टी न विसरता सांगा. कात्री लावू नका. लॉकेटमध्ये बसवायला, पासपोर्टच्या मापात करायला लोक लगेच कडा कापायला निघतात. त्या थरांमध्ये रसायन असतं, आणि ते क्षारयुक्त असल्याने त्वचेला, डोळ्याला त्रास देऊ शकतं. लहान मुलाच्या हाती चघळायला जाऊ देऊ नका, हेही बाळाच्या आईला आवर्जून सांगते. दुसरं, दुकानाच्या काचेवर उन्हात चिकटवू नका. कोणताही रंगीत फोटो उन्हाने विटतो, हाही विटेल. पाकिटात, गल्ल्यात, देवघराच्या फळीखाली, जिथे सावली आहे तिथे ठेवा.

खालच्या रुंद पट्टीवर काहीतरी लिहून द्या, असं निम्मे लोक म्हणतात. बॉलपेन त्यावर नीट उठत नाही आणि दाबून लिहिलं तर फिल्मवर वळ पडतो. सीडीवर लिहायचा बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या, पंचवीस-तीस रुपयांना कुठल्याही स्टेशनरीत मिळतो, आणि लिहिल्यावर दहा सेकंद बोट लावू देऊ नका. बहुतेकांना तारीख आणि "नागपूर" एवढंच हवं असतं. एका हमालाने जागेचं नाव पूर्ण लिहायला लावलं, कळमना मार्केट यार्ड, संत्रा विभाग, कारण फोटो गावी छिंदवाड्याला जाणार होता.

फिल्म घेताना खोक्यावरची मुदतीची तारीख पाहूनच घ्या. 20 फोटोंचं जोडपाकीट सुट्यापेक्षा स्वस्त पडतं. जास्त सवलतीत मिळणारी फिल्म बहुधा मुदत संपत आलेली असते. ती स्वतःच्या घरच्या फोटोंना वापरा, रस्त्यावर द्यायला ताजी ठेवा.